टँग माशावर पुन्हा पुन्हा येणारे पांढरे ठिपके: आधी काय तपासावे आणि कुठे थांबावे

लक्षणे

सांगलीत गेली काही वर्षे मी खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची टाकी सांभाळतो आहे. माझ्या टाकीत आणि मिरज, इस्लामपूर, कराड येथील परिचितांच्या टाक्यांत मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला बिघाड एकच आहे. टँग या चपट्या समुद्री माशाच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, चार-सहा दिवसांत आपोआप जातात, घरातले सगळे निश्चिंत होतात आणि महिना उलटण्याच्या आत तेच ठिपके दुपटीने परत येतात.

ठिपका बारीक रव्याच्या कणाएवढा आणि किंचित उंचावलेला असतो. तो बहुधा आधी पंखांवर दिसतो. पिवळ्या टँगच्या अंगावर तो चटकन लक्षात येत नाही; मात्र मासा वळताना कल्ल्यामागचा पारदर्शक पंख उघडतो, तेव्हा ओल्या काचेवर मिठाचे दोन-चार कण चिकटावेत तसे ते कण स्पष्ट दिसतात. त्याच सुमारास मासा खडकाच्या कडेवर अंग घासू लागतो, अधूनमधून झटका दिल्यासारखा पळतो, एरवी ओढून खात असलेली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ पान) नुसती हुंगून सोडतो आणि पाण्याचा प्रवाह जिथे जोरात पडतो तिथे तोंड करून थांबतो. कल्ल्यांची उघडझाप वाढणे हे ठिपक्यांपेक्षाही महत्त्वाचे लक्षण आहे, कारण परजीवी कल्ल्यांत शिरलेला असेल तर अंग स्वच्छ दिसत असतानाही मासा गुदमरत असतो. आपला मासा निरोगी असतानाच त्याची मिनिटाची उघडझाप मोजून कुठेतरी लिहून ठेवावी. आजारपणात तुलनेसाठी तोच एक आकडा उपयोगी पडतो.

काही गोष्टी मात्र या आजाराच्या नव्हेत. रात्री दिवा बंद झाल्यावर पिवळा टँग फिकट पडतो आणि त्याच्या कुशीवर आडवा पांढरट पट्टा उमटतो. तो त्याचा रात्रीचा रंग आहे, आणि त्यासाठी मला रात्री साडेअकराला फोन आलेले आहेत. पिवळ्या टँगवर काळे ठिपके असतील तर तो एका चपट्या कृमीचा उपद्रव असतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. फुलकोबीसारखी पांढरी गाठ आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहत असेल तर ती बहुधा विषाणूची असते आणि सहसा मासा तिच्याने दगावत नाही. याउलट ठिपके रव्याऐवजी पिठासारखे बारीक, मोजता न येणारे असतील, माशाचे अंग धूळ बसल्यासारखे दिसत असेल आणि तो उजेड टाळत असेल, तर तो ‘व्हेलवेट’ नावाचा दुसरा आजार समजावा. त्यात दोन-तीन दिवसांत सगळी टाकी रिकामी होऊ शकते, म्हणून खालच्या सोप्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट उपचाराकडे वळावे.

ठिपके जातात आणि परत का येतात

हा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. तो माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली तीन ते सात दिवस राहून पोसला जातो, मग स्वतःहून मासा सोडतो आणि तळाच्या वाळूवर किंवा खडकावर कोष करून बसतो. त्या कोषात त्याचे विभाजन होते आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडून माशाच्या शोधात निघतात. बहुतेक कोष तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, परंतु बहात्तर दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. म्हणजे ठिपके नाहीसे होतात तेव्हा आजार बरा झालेला नसतो, तो माशावरून वाळूत उतरलेला असतो. दुकानातल्या निळ्या औषधाची बाटली तिसऱ्या दिवशी ओतली आणि पाचव्या दिवशी ठिपके गेले, तर श्रेय बाटलीला मिळते. ती ओतली नसती तरी ठिपके पाचव्या दिवशीच गेले असते. हा गैरसमज एवढा पक्का असतो की पुढच्या वेळी लोक दोन बाटल्या ओततात. गोड्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी निराळा आहे, त्यामुळे ‘हीटर ३० अंशांवर ठेवा’ हा गोल्डफिशवाल्यांचा सल्लाही इथे लागू पडत नाही.

मग खालच्या तपासण्या कशासाठी, असा प्रश्न येईल. परजीवी टाकीत असूनही धडधाकट मासा त्याला बऱ्याच अंशी दाबून ठेवतो. पाणी, उष्मा किंवा भांडण यांमुळे मासा खचला की उद्रेक होतो. कारण सापडले नाही, तर उपचार करूनही मासा उपचाराच्या टाकीतच दगावतो.

तपासणी: विनाखर्चापासून सुरुवात

पहिली तपासणी फक्त पाहण्याची आहे. परजीवी मासा सोडतो आणि कोष फुटतात ते बहुतांशी अंधारात, त्यामुळे सकाळी टाकीचा दिवा लावण्यापूर्वी टॉर्चच्या तिरप्या उजेडात, रोज एकाच बाजूने ठिपके मोजावेत. वाळूचा कण किंवा हवेचा बुडबुडा दुसऱ्या दिवशी त्या जागी नसतो. परजीवीचा ठिपका दोन-चार दिवस तिथेच असतो, मग जातो आणि नवा दुसरीकडे येतो. मोबाईलवर फोटो काढून ठेवल्यास आठवड्याभरात हे चक्र डोळ्यांसमोर येते.

दुसरी तपासणी तापमानाची. टँगला २४ ते २७ अंश मानवतात. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशी गाठतो आणि पश्चिमेकडच्या भिंतीला लागून टाकी असेल, तर दुपारी चार वाजता पाणी ३१ अंशांवर गेलेले मी स्वतः पाहिले आहे. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२ च, आधीच कल्ले निकामी झालेल्या माशाला हा अर्धा मिलिग्रॅम पुरेसा महाग पडतो. म्हणून एकदाच सकाळी तापमान पाहून समाधान मानू नये. सकाळी सहा, दुपारी चार आणि रात्री अकरा असे तीन आकडे सलग चार दिवस लिहावेत. उपाय स्वस्त आहे: टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरपा लावला, तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश सहज उतरतात. जुलैच्या दमट हवेत मात्र तोच पंखा फारसे काही करत नाही, कारण पाणी उडायलाच जागा नसते. झाकणाऐवजी जाळी लावायला विसरू नये. घाबरलेला टँग उडी मारतो.

वीज जाणे हा याच तपासणीचा भाग आहे. इन्व्हर्टरवर दिवा न घेता प्रवाहाचा एक पंप घ्यावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागात वीज नव्हती, तेव्हा मी बॅटरीवरच्या दोन एअर पंपांवर टाकी जगवली. मासे वाचले, पण पुढच्या पंधरवड्यात निळ्या टँगवर पंचवीस-तीस ठिपके उठले. त्याआधी कित्येक महिने त्याच्या अंगावर एकही नव्हता.

तिसरी तपासणी खारटपणाची, आणि माझ्या मते निम्मी प्रकरणे इथेच उलगडतात. विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२४ ते १.०२६ च्या दरम्यान हवे. पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते. माझ्या पाच फुटी टाकीतून पंखा लावलेल्या उन्हाळ्याच्या दिवसांत रोज पाच-सहा लिटर पाणी उडते, आणि ते गोड्या पाण्याने भरायचे असते. काहीजण ते मिठाच्या पाण्याने भरतात आणि महिन्याभरात समुद्राचा मृत समुद्र करतात. दुसरा घोटाळा मोजण्याच्या साधनाचा. इस्लामपूरच्या एका परिचितांचा प्लॅस्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर १.०२२ दाखवत होता, म्हणून ते दर आठवड्याला मीठ वाढवत होते. मी काटा नखाने खरवडला तर त्यावर मिठाचा पातळ थर बसलेला होता; थराच्या वजनाने काटा खाली राहत होता. रेफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा दाखवणाऱ्या साधनाने) मोजल्यावर आकडा १.०३१ निघाला. हायड्रोमीटर अधूनमधून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून धुवावा, काट्याला चिकटलेला बुडबुडा टिचकी मारून उडवावा, आणि शक्य असल्यास रेफ्रॅक्टोमीटर घेऊन तो नुसत्या आरओ पाण्यावर नव्हे, तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर जुळवावा. चूक सापडली तरी ती एका दिवसात सुधारू नये, दिवसाला ०.००१ ते ०.००२ एवढाच फरक करावा.

चौथी तपासणी पाण्याच्या उगमाची आहे, आणि तीत घरातलेच पाणी शुद्धीकरणाचे यंत्र अनेकदा दोषी ठरते. नळाला येणारे कृष्णेचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते आणि त्या दिवसांत क्लोरीनचा वासही जास्त येतो, म्हणून नळाचे पाणी थेट वापरू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारे) लावून पाहिले तर ८०-१०० आकडा येतो, आणि टाकीला तो शून्याच्या जवळ हवा असतो. व्हॉल्व्ह बंद करता येतो, किंवा टाकीपुरते पाणी पडद्यानंतर लगेच वेगळे काढता येते. अलीकडच्या काही यंत्रांत पाण्यात मुद्दाम तांबे सोडणारे कार्ट्रिज असते. ते पाणी टाकीत कदापि घालू नये, तसेच तांब्याच्या पिंपात साठवलेलेही. मासा कदाचित तगेल, गोगलगायी आणि कोळंबी मरतील, आणि त्यांच्या मरण्याने अमोनिया वाढेल.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. याची चाचणी-किट महाग नाही. अमोनिया कल्ले जाळतो, त्यामुळे केवळ अमोनियानेही मासा धापा टाकतो आणि लोक ठिपके शोधत बसतात. टाकीत मेलेला खेकडा दगडाखाली सडत असेल तर तो शोधून काढणे हाच उपचार असतो.

पाचवी तपासणी भांडणाची आणि जागेची. सर्व टँगांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या सुरीसारखे धारदार पाते असते. म्हणूनच इंग्रजीत त्यांना सर्जनफिश म्हणतात. जुना टँग नव्याच्या कडेने शेपूट हाणत जातो आणि त्या चिरांमधून पुढची दुखणी सुरू होतात. पिवळ्या टँगला किमान चार फुटांची, निळ्या टँगला सहा फुटांची टाकी हवी; तीन फुटांत कोणताही टँग सुखाने राहत नाही, हे विक्रेता सांगत नाही म्हणून मी सांगतो. आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या समुद्रांतही आढळणारा पावडर ब्लू टँग दिसायला सर्वांत देखणा आणि या आजाराला सर्वांत लवकर बळी पडणारा आहे. पहिला टँग म्हणून तो घेऊ नये. भांडण नवे असेल तर टाकीच्या बाहेर काचेला टेकवून आरसा ठेवावा. जुना मासा प्रतिबिंबाशी झुंजण्यात गुंततो आणि नव्याला दोन-तीन दिवस श्वास घ्यायला मिळतात.

खाण्याबद्दल थोडक्यात: टँग मुख्यतः शेवाळ खातो, म्हणून तिखटमीठ न लावलेली नोरी रोज क्लिपला लावावी. पालक हा पर्याय नव्हे. लसणाच्या रसाने माशाची भूक वाढत असेलही, परजीवी मरत नाही.

सहावी तपासणी आठवणीची आहे: गेल्या दोन महिन्यांत टाकीत काय नवे आले? आपल्याकडे समुद्री मासे बहुधा मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्मोकोलच्या खोक्यात येतात आणि पहाटे बस-थांब्यावर उतरवून घ्यावे लागतात. नवा मासा, त्याच्या पिशवीतले पाणी, दुसऱ्या टाकीत बुडवलेली जाळी, ओला खडक, गोगलगायीच्या शंखावर बसलेला कोष, यांपैकी एकातूनही परजीवी आत येतो. रात्रभर प्रवास केलेली पिशवी उघडून त्यात थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसू नये, ही एक आडबाजूची सूचना: पिशवीतला कार्बन डायऑक्साइड निघून जाताच पीएच वाढतो आणि साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो. तापमान जुळवून, विलगीकरण टाकीचा (नवा मासा आधी वेगळा ठेवतात ती) खारटपणा आधीच पिशवीएवढा करून मासा लगेच सोडावा आणि पिशवीचे पाणी बेसिनमध्ये ओतावे. ‘जिवंत खडक’ म्हणून कोणी प्रवाळ विकत असेल तर तो घेऊ नये. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कृत्रिम खडकावर टाकी उत्तम चालते.

उपचार: अवघड आणि खर्चिक भाग

सगळे आकडे जागेवर आणूनही ठिपके दुसऱ्यांदा आले, तर मोठ्या टाकीत औषध घालून भागणार नाही. दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. एक, सगळे मासे, म्हणजे ज्यांच्यावर एकही ठिपका नाही तेसुद्धा, बाहेर काढून उपचार टाकीत ठेवणे. दोन, मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवणे, जेणेकरून उशिरा फुटणाऱ्या कोषांतल्या पिल्लांनाही यजमान मिळू नये. ती माशावाचून एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत. खेकडे आणि गोगलगायी मुख्य टाकीतच राहू द्याव्यात. ‘एकच छोटा गोबी मासा आहे, तो पकडता येत नाही, राहू द्या,’ असे म्हटले की ७६ दिवस वाया गेलेच समजावे. हे मी स्वतः केले आहे. खडक उचलायचा कंटाळा केला आणि अडीच महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

उपचार टाकीत वाळू नको, खडक नको; हे दोन्ही तांबे शोषून घेतात. लपायला पीव्हीसीचे एल्बो, मुख्य टाकीच्या संपमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) महिनाभर ठेवून तयार केलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि एअर पंप एवढे पुरते. तांब्याचे औषध दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवून योग्य पातळीवर आणावे आणि ती पातळी ३० दिवस सलग राखावी. साध्या आयनिक तांब्यासाठी ती लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते. चिलेटेड (तांबे दुसऱ्या रेणूंनी बांधलेल्या) प्रकारात साधारण १.५ ते २.५. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की मासा मरतो, म्हणून बाटलीवरचा प्रकार आणि त्याच प्रकाराला चालणारी चाचणी-किट आधी पाहून घ्यावी. पातळी खाली गेली तर परजीवी वाचतो, वर गेली तर मासा जातो. रोज मोजणे टळत नाही. अमोनिया बांधणारी कंडिशनर औषधे तांब्याबरोबर वापरू नयेत, त्यांनी तांबे अधिक विषारी होऊ शकते. अमोनिया वाढला तर तेवढेच तांबे आधी मिसळलेल्या नव्या पाण्याने पाणी बदलावे.

इथे मोरचुदाबद्दल (कॉपर सल्फेट) बोलणे भाग आहे. तासगावकडे द्राक्षबागा असल्यामुळे आपल्याकडे बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद घरोघरी असते, आणि ‘तेही तांबेच ना’ म्हणून चिमूटभर टाकीत टाकणारे मला तीनदा भेटले आहेत. हिशेब असा आहे: मोरचुदात वजनाच्या सुमारे पाव भाग तांबे असते. शंभर लिटर पाण्यात ०.२ मिलिग्रॅमची पातळी आणायला २० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद लागते. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली धड मोजत नाही, आणि बोटांच्या चिमटीत येते ते या मापाच्या कितीतरी पट असते. शिवाय शेतीचा माल टाकीसाठी शुद्ध केलेला नसतो. त्या तिन्ही टाक्यांतले मासे दुसरा दिवस पाहू शकले नाहीत.

तांबे झेपत नसेल तर उपचार टाकीचा खारटपणा १.००९ पर्यंत उतरवून शेवटचा ठिपका गेल्यावर चार आठवडे तसाच राखण्याची पद्धत आहे. त्यासाठी जुळवलेला रेफ्रॅक्टोमीटर अनिवार्य आहे, १.०१२ वर परजीवी तग धरू शकतो. ‘व्हेलवेट’वर मात्र ही पद्धत चालत नाही.

कधी थांबावे आणि कोणाला बोलवावे

तांब्याची चाचणी-किट हातात नसेल तर उपचार सुरूच करू नये. मासे एका रात्रीत धापा टाकू लागले, अंगावर लाल व्रण किंवा सोललेली त्वचा दिसली, किंवा ७६ दिवस पूर्ण पाळूनही ठिपके आले, तर निदानच चुकलेले असू शकते आणि चौथे औषध ओतण्यात अर्थ नाही. अशा वेळी त्वचेचा ताजा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी व्यक्ती हवी. मिरजेत प्रयोगशाळांना तोटा नाही, पण माणसांच्या प्रयोगशाळेत मासा घेऊन गेल्यास काय होते ते मी अनुभवले आहे. माशांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा, किंवा रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे विचारावे.

पाण्यात हात घालताना झिणझिण्या आल्या तर माशाचा विचार बाजूला ठेवून मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. तडकलेला हीटर स्वतः हाताळू नये, आणि टाकीच्या सॉकेटला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) नसेल तर ती त्याच फेरीत बसवून घ्यावी. टँगच्या पात्याने बोट चिरले आणि काही दिवसांनी तिथे सूज किंवा गाठ आली, तर डॉक्टरांना ‘माशाच्या टाकीत काम करतो’ हे आवर्जून सांगावे, कारण टाकीतल्या जिवाणूंच्या संसर्गाला नेहमीपेक्षा वेगळी औषधे लागतात.

तज्ज्ञाला फोन करण्यापूर्वी वहीत टाकीचे लिटर, तीन वेळचे तापमान, खारटपणा आणि तो कशाने मोजला, अमोनिया, शेवटचा नवा मासा आल्याची तारीख, आतापर्यंत ओतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि सकाळच्या टॉर्चमधले फोटो तयार ठेवावेत. तांबे सुरू असेल तर पहिला प्रश्न त्याची आज सकाळची पातळी किती, हाच असतो.